लाल दिवसाची गाडी

जॅकेटं धुऊन, इस्त्री करून परत करा, असा निरोप आला तेव्हा उन्हाळा ऐन भरात होता. धुऊन, हे समजू शकतो. इस्त्री कशाला, ते निरोप लिहिणाऱ्यालाच ठाऊक. माणसांना घरी पाठवायचंच तर निदान कडक घडी घालून पाठवावं, असा काही सरकारी शिष्टाचार असेल.

माझी बहीण त्या उष्मा पथकात होती. घरी तिला आम्ही छोटी म्हणतो. उंचीने ती मला टक्कर देते आणि आवाजाने आईला, पण नाव चिकटलं ते चिकटलं. पथक म्हणजे सरकारची योजना. शिकून घरी बसलेल्या पोरापोरींनी एक वर्ष हवामानाच्या कामाला द्यायचं, सरकारने त्याबद्दल मानधन द्यायचं. कुणाच्या वाट्याला नाल्यातला गाळ आला, कुणाच्या वाट्याला रोपं. छोटीच्या वाट्याला म्हातारी माणसं आली.

हसू नका, ते हवामानाचंच काम आहे. पूर आला की त्याची बातमी होते, मंत्री होडीत बसून फोटो काढतात. ऊन मात्र गुपचूप माणूस नेतं. एकटं राहणारं म्हातारं माणूस दुपारी जरा पाठ टेकतो म्हणून आडवं होतं ते उठतच नाही, आणि शेजाऱ्यांना पत्ता लागतो तो वासावरून. म्हणून पथकातली पोरं भर दुपारी दारोदार फिरायची. पाणी प्यायलात का, पंखा चालू आहे का, मानेवर ओला रुमाल ठेवा, उठताना चक्कर येते का. हवामान खात्याने लाल इशारा दिला तर त्या दिवशी कुणाला घरात ठेवायचंच नाही. गाडी यायची, माणसं घ्यायची आणि वाचनालयाच्या तळघरात नेऊन सोडायची. तिथं मोठे एसी होते, खाटा होत्या, प्यायला गार पाणी होतं. बाहेर पाटी होती, 'शीत कक्ष'. ती वाचून एक आजोबा पहिल्या दिवशी गाडीतून उतरेनात. म्हणाले, अजून वेळ आहे माझा.

त्या गाडीचा ड्रायव्हर मी. बहिणीच्या वशिल्याने लागलो असं कुणाला वाटेल, म्हणून सांगून ठेवतो, तिने माझं नाव सुचवलं असतं तर मला ती नोकरी मिळालीच नसती, इतकं तिचं आणि साहेबांचं जमायचं. साहेब म्हणजे पथकाचे समन्वयक. माणूस वाईट नव्हता, पण वरून फोन आला की खुर्चीत बसल्या बसल्या उभा राहायचा.

आता त्या जॅकेटाचं. योजना सुरू झाली त्याच महिन्यात कुणी एक भामटा हातात कागद घेऊन 'पथकाकडून आलोय' म्हणत एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात शिरला आणि कपाट साफ करून गेला. तेव्हापासून पथकाने सगळ्यांना पढवून ठेवलं, की नारिंगी जॅकेट दिसल्याशिवाय दार उघडायचं नाही. चेहरा ओळखीचा वाटला तरी नाही, आवाज ओळखीचा वाटला तरी नाही. छोटी तर परीक्षा घ्यायची. जॅकेट काढून पिशवीत कोंबायची, दार वाजवायची, आणि कुणी उघडलं की दारातच त्याची खरडपट्टी काढायची. पुढे पुढे तिच्या सगळ्या घरांतली माणसं अशी पक्की झाली की तिला कोण अभिमान.

आणि मग निरोप आला. निधी पुढील आदेशापर्यंत स्थगित. पोरांनी जॅकेटं द्यावीत, ड्रायव्हरने किल्ली द्यावी, तळघराला कुलूप लागेल. ऐन उन्हाळ्यात उष्मा पथक बंद. मी किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "हिवाळ्यात परत सुरू करणार का?" साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण त्यांनी किल्ली उचलून खणात टाकली. त्यांचंही पद जाणार होतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी छोटी नेहमीच्या वेळी निघाली. आई म्हणाली, "अगं, आता कुठे?" ती म्हणाली, "ऊन काय स्थगित झालंय?" आणि गेली. परत आली ती फणफणत. पंख्याखाली बसली, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला.

"एकानेही दार उघडलं नाही, दादा. एकानेही नाही."

"शाब्बास," मी म्हटलं. "चांगलं शिकवलंस."

"ते शीत कक्षवाले आजोबा आतून विचारतात, जॅकेट कुठंय. म्हटलं, आजोबा, मीच आहे, काल नाही का तुमच्या पायाला पट्टी बांधली? तर म्हणतात, काल कोण आलं होतं हे चोरांनाही कळतं. पोलिसांना बोलावू का?"

मला हसू आलं. तिलाही आलं, पण अर्धंच. मग ती म्हणाली, "आणि टेलिफोनबाईंनीही नाही उघडलं."

तिचा जीव अडकला होता तो तिथं. टेलिफोनबाई म्हणजे एक निवृत्त बाई. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, लोकांचे कॉल जोडण्यात गेली. लग्न केलं नाही. एका जुन्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. डोक्यावर थेट गच्ची, त्यामुळे दुपारी छताला हात लावला तर चटका बसेल. गुडघे गेलेले, लिफ्ट नाही, म्हणजे कुणी आधार दिल्याशिवाय खाली उतरायचं नाव नाही. डोळेही गेल्यासारखेच. दाराच्या भोकातून तिला माणूस दिसायचा नाही, नुसता रंग दिसायचा. बोलायला मात्र फटाकडी. माझ्या गाडीत बसली की पूर्ण रस्ताभर मला गिअर कधी टाकायचा ते सांगायची, आणि स्वतः आयुष्यात सायकलही चालवली नव्हती. बाकीच्या घरांत कुणी ना कुणी येणारं-जाणारं होतं. हिच्याकडे छोटी. खालचे शेजारी दोघंही कामाला जाणारे, सकाळी कुलूप लावत ते संध्याकाळी काढत.

"काय म्हणाल्या बाई?" आईने विचारलं.

"एकदम गोड आवाजात म्हणाल्या, पथकातली मुलगी येईल तेव्हाच उघडेन हं, तिने मला बजावलंय. म्हटलं, बाई, तीच मी. म्हणाल्या, ती असती तर जॅकेट घालून आली असती, ती फार शिस्तीची आहे." छोटीचा आवाज चिरकला. "आत पंखा चालू आहे की नाही, तेही कळलं नाही मला."

आई शिवणकाम करते. चेन बदलणं, पडदे, गणवेश उसवून मोठे करणं, असली कामं. ती उठली, पेटीतून कुणाच्यातरी दुकानाच्या छपरासाठी आणून उरलेलं नारिंगी कापड काढलं आणि छोटीच्या अंगाला लावून बघितलं. चमकणारी पट्टी मी सायकलच्या दुकानातून आणून दिली. पाठीवर अक्षरं काढायला आईला जरा वेळ लागला, कारण 'उष्मा' लिहिताना ती दोनदा चुकली आणि छोटीने दोनदा तिची टर उडवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत जॅकेट तयार. खऱ्यापेक्षा देखणं. खरं होतं ते दोन धुण्यांत विटलं होतं.

"जॅकेट शिवलंस," मी आईला म्हटलं, "आता गाडी कोण शिवणार? तळघर कोण शिवणार?"

"तू आपलं तोंड शिव," आई म्हणाली.

दारं उघडली. एकूण एक. आजोबांनी पोलिसांची धमकी दिल्याबद्दल माफी वगैरे मागितली नाही, उलट दोन दिवस कुठं उलथली होतीस म्हणून फैलावर घेतलं. टेलिफोनबाईंनी तिला आत ओढून बसवलं आणि परवा एक लबाड पोरगी कशी तिचा हुबेहूब आवाज काढून आली होती आणि आपण तिला कसं परतवून लावलं, ते रंगवून सांगितलं. छोटी ऐकत राहिली. योजना बंद पडली हे सांगायला तिने तोंड उघडलं होतं म्हणे, पण बाई म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे बघ," आणि ते सांगायचं राहिलं. मलाही नसतं सांगता आलं. एकटं राहणाऱ्या माणसाला, सरकारने तुझ्यावरून हात काढला, हे त्याच्याच खाटेवर बसून कसं सांगायचं?

तेवढे दिवस घरात जरा जीव होता. छोटी रोज येऊन बाईंच्या गोष्टी सांगायची. आम्ही जेवताना बेत करायचो. लाल दिवस आला तर बाईंना आपल्याच घरी आणायचं. आमचं घर तळमजल्यावर, भिंती जाड, दुपारीही बरं असतं. आईच्या मशीनजवळची खाट त्यांना द्यायची. गाडीचं काम माझ्याकडे. मी तोवर एका गादीवाल्याच्या टेम्पोवर लागलो होतो. मालकाला विचारून ठेवलं होतं, एखाद्या दुपारी तासभर टेम्पो लागेल. तो म्हणाला, बघू. मालकाचं 'बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं, पण त्या दिवसांत मी ते होकार धरून चाललो.

मग बाईंचा भाचा आला. लांबच्या डोंगराळ गावात राहणारा, तिथं उन्हाळ्यातही रात्री पांघरूण लागतं. स्वतःची मोटार घेऊन आला होता, मावशीला पाऊस पडेपर्यंत घेऊन जायला. बायकोला विचारून आला होता म्हणे, म्हणजे मनापासून आला होता. छोटी दारात पोचली तेव्हा मावशी-भाच्याचं जुंपलं होतं.

"ही बघ, आली," बाई विजयी मुद्रेने म्हणाल्या. "सरकारची माणसं रोज दारात येतात माझ्या. तुझ्याकडे येऊन तुझ्या बायकोच्या डोक्यावर मिरे कशाला वाटू?"

भाच्याने छोटीला वरपासून खालपर्यंत बघितलं. जॅकेट बघितलं. तिला जरा बाजूला जिन्यात घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "ताई, खरं सांगा. ती हट्टी आहे. मी आणखी एकदा जोर लावला तर येईलही. पण तुमची व्यवस्था पक्की असेल तर मी तिला तिच्या घरातून हलवणार नाही. अतिउष्णतेच्या दिवशी गाडी येते ना?"

"येते, काका," छोटी म्हणाली.

त्याने तिचा नंबर घेतला, दोन्ही हात जोडले आणि रिकामी मोटार घेऊन परत गेला.

हे तिने मला रात्रीच्या जेवणाला सांगितलं, अगदी खुशीत. माझा घास हातात राहिला. "मला विचारलंस?" मी म्हटलं. "अगं, जात होती ती थंड गावाला. जाऊ द्यायचं होतंस."

"तिला नव्हतं जायचं. तिचं घर आहे ते. आणि मी खोटं कुठं बोलले? तू आहेस ना."

आई आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मी घास तोंडात टाकला. छोटी इतकी खूश होती, आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं होतं. सरकारने वाऱ्यावर सोडलेलं एक माणूस आम्ही तिघांनी धरून ठेवलंय, असं काहीसं.

त्या जॅकेटाचा गवगवा मात्र झाला. आजोबांच्या मुलीने परदेशातून कुठंतरी लिहिलं, उष्मा पथकाचे आभार, निधी नसतानाही काम चालू आहे, सोबत छोटीचा फोटो. लोकांनी वाहवा केली. वाहवा फिरत फिरत जिथं पोचायला नको तिथं पोचली. साहेबांचा फोन आला. साहेब रडकुंडीला आले होते. म्हणाले, पोरी, तू मला घरी बसवणार. नेमणूक नसताना गणवेश घालणं म्हणजे तोतयेगिरी. वरचे गुन्हा दाखल करा म्हणतायत. उद्या सकाळी ये, जॅकेट जमा कर, हमीपत्रावर सही कर, मी मिटवतो.

तो उद्या लाल निघाला.

सकाळी रेडिओवर सांगितलं. लाल इशारा, विनाकारण बाहेर पडू नका, वृद्धांची काळजी घ्या. काळजी कुणी घ्यायची ते सांगितलं नाही. छोटी म्हणाली, ऑफिसात जाऊन पटकन सही करते आणि तशीच बाईंकडे जाते, तू टेम्पो घेऊन ये. मी दुकानात गेलो तर मालकाने टेम्पो भरून ठेवलेला. शहराबाहेर एक नवीन हॉस्टेल, सगळ्या गाद्या आजच पोचल्या पाहिजेत. मी म्हटलं, शेठ, तुम्ही शब्द दिला होता. तो म्हणाला, "मी बघू म्हटलं होतं. बघितलं, नाही जमत." गादी उचलायला बरोबर एक म्हातारा हमाल होता, त्याला सगळे मामा म्हणतात. मामा म्हणाला, चल, झटपट टाकू आणि येऊ.

झटपट काही होत नसतं. हॉस्टेलचा माणूस जागेवर नव्हता, मग लिफ्ट बंद होती. आणि तिकडे ऑफिसात छोटीला बाकावर बसवून ठेवलं होतं. साहेब मीटिंगमध्ये. तिचं ओळखपत्र शिपायाने काढून घेतलेलं. ती शिपायाला सांगत होती, एक म्हातारी बाई आहे, वरच्या मजल्यावर आहे, मला जाऊ द्या, मी परत येते. शिपाई म्हणाला, मॅडम, सगळ्यांचीच कुणी ना कुणी आजी असते. सही न करता गेली तर गुन्हा, गुन्हा झाला की जन्मात सरकारी नोकरी नाही. ती उठायची, परत बसायची. अॅम्ब्युलन्सला फोन केला. तिकडून विचारलं, पेशंट बेशुद्ध आहे का? नाही. मग कशाला अडवता लाइन?

मग तिने बाईंना फोन केला. घरच्या जुन्या फोनवर. पहिल्याच घंटीला उचलला.

"मी तयारच आहे," बाई म्हणाल्या. "रेडिओवर ऐकलं. पिशवी भरून ठेवलीय. गाडी निघाली का?"

"निघाली, बाई," छोटी म्हणाली. "येतेच आहे. तुम्ही पाणी पीत राहा."

यात खोटं काय होतं? तिने लगेच मला फोन केला, आणि मी निघालोच. अर्ध्या गाद्या उतरवायच्या राहिल्या होत्या. हॉस्टेलच्या माणसाने शिव्या दिल्या, त्या मामाने परस्पर परत केल्या. पण शहराबाहेरून आत यायचं होतं, आणि उन्हाने रस्त्याचं डांबर पातळ झालेलं, पुढे एक ट्रक उलटलेला. आम्ही रांगेत उभे. इंजिन तापून बंद पडलं. मामाने बाटलीतलं प्यायचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. मी घरी आईला फोन केला, तू जा. आई गेली, रिक्षा मिळेना म्हणून निम्मी वाट चालत. पोचली, वर चढली आणि दार वाजवलं. आतून उत्तर नाही. दार ओढून घेतलेलं दिसत होतं. तिला वाटलं, मीच आधी पोचून बाईंना नेलं, कुलूप लावायचं तेवढं राहिलं, म्हणून ती खाली उतरून मला विचारायला फोन लावत बसली. तोपर्यंत मी रस्त्याच्या वळणावर आलो होतो.

मी दार ढकललं. कडी काढलेलीच होती.

बाई दाराच्या आतच खुर्चीवर बसल्या होत्या. बाहेर जायचे कपडे, पायात चपला, मांडीवर पिशवी आणि दोन्ही हात पिशवीवर. मान एका बाजूला पडलेली. खोलीत शिरलो आणि भट्टीत शिरल्यासारखं झालं. खिडक्या घट्ट लावलेल्या. दिवा बंद. गॅसचा कॉक बंद. रेडिओची पिन काढून ठेवलेली. आणि पंखा बंद.

लाइट गेली नव्हती. मी बटण दाबलं, पंखा फिरला.

पथकाने घरोघरी लावलेला कागद भिंतीवर होता, मोठ्या अक्षरांत: गाडी निघाल्याचा निरोप मिळताच दिवे, पंखे, गॅस बंद करावा, खिडक्या लावाव्यात, कडी काढून दाराजवळ बसावे. डोळ्यांनी अधू माणसाला वाचता येणार नाही म्हणून छोटीने तो बाईंकडून तोंडपाठ करून घेतला होता. गाडी पोचायला कधीच वेळ लागायचा नाही तेव्हा. मीच चालवायचो. निरोप गेला की मी इमारतीखाली उभा असायचो.

अंग तापलेलं होतं, म्हणजे तव्यासारखं. घाम नव्हता. श्वास चालू होता, फार वरवरचा. मी त्यांना उचललं. मामाने पाय धरले. जिना उतरताना बाईंनी एकदा डोळे उघडले. मी कुठला रंग घातला होता देव जाणे, पण माझ्या छातीवर हात फिरवून त्या म्हणाल्या, "उशीर केलात. पण आलात बघा." असं म्हणायला त्यांना खूप वेळ लागला. मला इतका राग आला, कुणाचा ते कळेना. साहेबांचा, मालकाचा, त्या भाच्याचा, माझ्या बहिणीचा. आईच्या त्या देखण्या जॅकेटाचा तर सगळ्यात जास्त.

टेम्पोत नव्या गाद्या होत्या. प्लास्टिक फाडून त्यावर निजवलं. आई मागे बसून पदराने वारा घालत होती. वाचनालयावरून गेलो, तळघराला कुलूप होतं. हॉस्पिटलच्या फाटकात रांग होती, सगळी म्हातारीच माणसं, कुणी हातगाडीवर, कुणी खांद्यावर. डॉक्टर बाहेर येऊनच बघत होते. आमच्यापाशी आले, मनगट धरलं, पापणी वर केली आणि आईला म्हणाले, "आता वारा घालू नका, काकू."

आईचा हात थोडा वेळ तरीही हलत राहिला.

छोटी आली तेव्हा सही झाली होती, जॅकेट जमा झालं होतं. पळत आली होती. गाद्यांवर बाईंना बघितलं आणि तिथंच टेम्पोच्या फळीला धरून उभी राहिली. रडली नाही. बराच वेळ बाईंच्या चपलांकडे बघत होती. मग मला विचारलं, "पंखा चालू होता ना, दादा?"

मला खोटं पटकन सुचत नाही, सुचलं तरी तोंडावर दिसतं. "होता," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूहळू खाली बसली, रस्त्यावरच, त्या तापलेल्या डांबरावर. आईने तिला ओढायचा प्रयत्न केला, ती उठेना.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने नंबर बघितला आणि उचलला. भाच्याचा आवाज मोठा होता, मला शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

"ताई, रेडिओवर ऐकलं तुमच्याकडचं. जिवात जीव नव्हता बघा माझ्या. सकाळपासून मावशीला फोन लावतोय. मघापर्यंत उचलत होती, म्हणाली, सारखा लाइन अडवू नकोस, माझा निरोप यायचाय. आता उचलत नाही, म्हटलं, झालं, गाडी आली. इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. बायकोला म्हटलं, बघ, आपण उगाच तिला उपटून आणत होतो. आली ना गाडी?"

"हो, काका," छोटी म्हणाली. "गाडी आली होती."

आणि पुढचं बोलायला तिने फोन माझ्या हातात दिला.